फुल स्पेक्ट्रमच्या नावाखाली बियांचे तेल, आणि मागोमाग आलेला फोन

ज्यांच्या घरी दुर्धर दुखणे आहे आणि जे विजयेच्या, म्हणजे भांगेच्या, तेलाचा विचार करीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझ्या यजमानांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आहे, आणि हृदयात कृत्रिम झडप असल्यामुळे त्यांना वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषधही चालू आहे. आमच्याकडून एकूण ८४,०५० रुपये उकळले गेले. त्यांपैकी २०,५५० आशा दाखवून घेतले आणि उरलेले ६३,५०० भीती घालून.

रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका व्हॉट्सअॅप गटात हे तेल विकणारा मनुष्य स्वतःला वैद्य म्हणवीत असे. बोलणे स्वच्छ मराठीत, आर्जवी, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. हे तेल कायदेशीर आहे का, असे मी पहिल्याच बोलण्यात विचारले होते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस यांवर बंदी आहे, शेंड्यांवाचूनची पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून पानांच्या अर्काची औषधे आयुर्वेदिक परवान्यावर बनतात, असे त्याने सांगितले. मी ते पडताळून पाहिले आणि ते सर्व खरे निघाले. चौकशी न करता पैसे टाकले, असे जे आता मला म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याने सांगितलेला कायदा खरा होता, खोटी होती ती बाटली. ३० मिलिलिटरच्या तीन बाटल्या प्रत्येकी ६,४५० रुपयांना, आणि सल्ल्याचे १,२०० वेगळे.

त्या सल्ल्यात त्याने यजमानांचे वय, वजन, झोप, भूक सगळे विचारले, परंतु कोणती औषधे चालू आहेत हे विचारलेच नाही. सीबीडी या भांगेतल्या, नशा न आणणाऱ्या घटकामुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. जो वैद्य हा प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडून साधे चूर्णही घेऊ नका. उलट मॉर्फिनच्या गोळ्या निम्म्या करा म्हणजे तेलाचा गुण लवकर दिसेल, असे त्याने ठासून सांगितले. यजमानांनी ते ऐकले आणि त्यानंतरच्या रात्री त्यांनी ज्या वेदनेत काढल्या, त्यांची भरपाई कोणत्याही रकमेने होणार नाही.

आणि ते लेबल. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फुल स्पेक्ट्रम’ लिहिले होते आणि त्याच्याच खाली ‘टीएचसी शून्य टक्के’. टीएचसी म्हणजे भांगेतला नशा आणणारा घटक. झाडातील सीबीडी, टीएचसी आणि इतर घटक एकत्र राखलेला अर्क तो फुल स्पेक्ट्रम. टीएचसी काढून टाकले की त्याला ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणतात. म्हणजे एकाच लेबलावरच्या दोन ओळी एकमेकींना खोट्या ठरवीत होत्या, आणि बाटली माझ्या हातात होती. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत घटक दिला होता: कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल. हे बियांचे तेल २०२१ पासून अन्न म्हणून विकायला परवानगी आहे. त्यात ओमेगा मेदाम्ले असतात, पण सीबीडी जवळजवळ नसतेच. काही शे रुपयांचे हे खाद्यतेल आम्ही औषधाच्या भावाने घेतले. ती मागची ओळ मी त्याच रात्री वाचायला हवी होती, हे मला दिवसातून अनेकदा आठवते. पण शेजारच्या खोलीत माणूस कण्हत असताना कोण भिंग घेऊन बसतो? सोबत आलेला प्रयोगशाळेचा अहवाल मात्र मी वाचला होता. त्यावर बॅच क्रमांक होता, बाटलीवर नव्हता. अहवालातला बॅच क्रमांक बाटलीवर छापलेला नसेल, तर तो अहवाल त्या बाटलीचा नव्हेच.

तेल परत घ्या म्हणून मी तगादा लावला, आणि मग तो दुसरा फोन आला. व्हिडिओवर गणवेशातला मनुष्य होता. तुमच्या पार्सलमध्ये गांजाचा अर्क सापडला आहे, अंमली पदार्थ कायद्याचे कलम २० लागेल, घराबाहेर पडू नका आणि कोणाशी बोलू नका, असे तो म्हणाला. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय आमच्याच शहरात आहे, त्यामुळे ही भीती ग्वाल्हेरच्या माणसाला दूरची वाटत नाही. ‘पडताळणीची ठेव’ म्हणून ३८,५०० आणि ‘प्रकरण बंद करण्यासाठी’ २५,००० मी भरले. पार्सलचा क्रमांक आणि यजमानांचा आजार त्या मनुष्याला तोंडपाठ होता. या दोन्ही गोष्टी विकणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हत्या. फोनवरून अटक करण्याची तरतूद भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. असा फोन आला तर तो ताबडतोब ठेवा, आणि पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर कळवा; उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “मॅडम, आपने गांजे का तेल मंगवाया ही क्यों?” फसवणारा जी भीती घालत होता, तीच इथे सरकारी खुर्चीतून घातली गेली. बाटलीत गांजा नाही हीच तर माझी तक्रार आहे, हे समजावताना माझा घसा कोरडा पडला. त्यांनी सायबर शाखेकडे पाठवले. सायबर शाखेने तेलाच्या २०,५५० चा भाग ‘खरेदीचा वाद’ म्हणून वगळला आणि ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. औषध निरीक्षकांच्या कार्यालयात आयुर्वेदिक माल आमच्याकडे येत नाही असे उत्तर मिळाले, आणि आयुर्वेदाच्या कार्यालयात, लेबलावर परवाना क्रमांकच नसल्यामुळे ते औषध ठरत नाही, म्हणून कारवाई करता येत नाही! परवाना नसणे हाच गुन्हा असताना परवाना नाही म्हणून हात झटकणे, हे मला अजून उमगलेले नाही. बँकेने पैसे तुम्हीच पाठवले म्हणून अर्ज परत केला. समोरच्या खात्यात ११,३०० रुपये गोठवले गेले आहेत, पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते मिळणार नाहीत, असे मला सांगण्यात आले.

१९५४ च्या जाहिरातविषयक कायद्याने कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात मुळातच निषिद्ध आहे. तरीही त्या गटात ‘गाठ विरघळते’ असे संदेश उघड फिरत होते आणि माझ्या अर्जात त्यांची छायाचित्रे जोडलेली आहेत.

भांगेपासून बनवलेल्या, पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत असावीच लागते. त्याबरोबर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहा. यांपैकी एक जरी गोष्ट नसली तर बाटलीचे बूचही उघडू नका, आणि कर्करोगाच्या तज्ज्ञांना न विचारता वेदनाशामक गोळीचा अर्धा भागही कमी करू नका. तो मनुष्य त्याच गटात आता दुसऱ्या नावाने आला आहे. बाटलीचे छायाचित्र तेच आहे, भाव ७,२०० झाला आहे.