कॉन्फ्लिक्ट म्हणजे दरवेळी संघर्षच? (डिक्शनरी ॲप, ३ स्टार)

इंग्रजी-मराठी डिक्शनरी ॲप ६ महिने झाले वापरतेय, भाषांतराचं काम करते त्यामुळे दिवसभर उघडंच असतं. स्पीड मस्त, ऑफलाइन चालतं, उच्चार पण स्पष्ट ऐकू येतो. पण कॉन्फ्लिक्ट टाकलं की एकच शब्द, संघर्ष, संपलं! परवा एका मेलमध्ये शेड्यूल कॉन्फ्लिक्ट आलं तर ॲपने दिलं 'वेळापत्रक संघर्ष', अहो दोन मीटिंगा एकाच वेळी आल्यात एवढंच म्हणायचंय, तिथे कोणी कोणाशी लढत नाहीये.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकमेकांवर आदळणं, त्यातूनच हे सगळे अर्थ फुटलेत. जिनिव्हा करारातलं आर्म्ड कॉन्फ्लिक्ट म्हणजे सशस्त्र संघर्ष, ते बरोबरच आहे. पण बांधावरून दोन भावांत होतो तो तंटा, म्हणून तर आपल्या सरकारने २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम काढली. दोन साक्षीदारांचे जबाब जुळत नाहीत ती विसंगती, मनातल्या मनात चालतं ते द्वंद्व. आणि कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टमध्ये तर भांडण नसतंच, कमिटीवर बसलेल्या माणसाच्या भावाचंच टेंडर समोर येतं असा मामला, तिथे 'हितसंबंध आड येतात' लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मराठीत एवढे शब्द आहेत, प्रत्येक अर्थाखाली एकेक वाक्य द्या ना प्लीज. पुढच्या अपडेटमध्ये तेवढं केलंत तर ५ स्टार देईन.