पोटातले इंजेक्शन : एनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजसोबत नऊ महिने

पहिल्या खेपेस पाचव्या महिन्यात आमचे बाळ पोटातच गेले. पुढे बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा केलेल्या रक्ततपासणीत ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आले आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हे नाव मी प्रथम ऐकले. या विकारात रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते, वारेच्या (प्लासेंटाच्या) कामातही बिघाड होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांनी ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीबरोबर गुठळ्या होऊ न देणाऱ्या एनॉक्सापॅरिनचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज घ्यायला सांगितले. ते बाळंतपणानंतरही सहा आठवडे चालू राहिले. अडीचशेहून अधिक सुया स्वतःच्या हाताने टोचून घेतल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

औषधाचा सर्वांत मोठा गुण असा की ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. गुठळ्या रोखणारी वॉरफरिनची गोळी मात्र वारेतून जाते आणि पहिल्या तिमाहीत बाळाच्या घडणीत दोष निर्माण करू शकते. हा फरक डॉक्टरांनी नीट समजावून दिला, तेव्हा ‘गोळी का चालत नाही’ हा माझा हट्ट संपला. एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळणाऱ्या हेपॅरिन या गुठळीरोधक द्रव्यापासून तयार होते, हे आमच्या शाकाहारी घरात सांगणे मला जड गेले, पण सासूबाई एवढेच म्हणाल्या, “बाळासाठी आहे ना, मग घे.”

सिरिंज आधीच भरलेली येते, त्यामुळे औषध मोजण्याची चूक होत नाही, आणि अर्ध्या इंचाची बारीक सुई त्वचेखालच्या चरबीतच राहते. ती बाळाला लागेल ही भीती मला तिसऱ्या महिन्यापर्यंत सोडत नव्हती; तसे होत नाही. सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा दिसतो. पहिल्या दिवशी मी तो बाहेर काढायला गेले आणि औषधाचे थेंब वाया घालवले. तो काढायचा नसतो, औषध पूर्ण आत जावे म्हणूनच तो ठेवलेला असतो. बेंबीपासून किमान दोन इंच दूर, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, चिमटीत धरलेली त्वचा सुई बाहेर येईपर्यंत न सोडता टोचायचे आणि नंतर ती जागा अजिबात चोळायची नाही. मी पहिला आठवडा चोळत होते, आणि पोटावर रुपयाएवढे काळेनिळे डाग पडले होते. ही सगळी माहिती पत्रकात होती, परंतु माझ्या पेटीतले पत्रक बारीक इंग्रजी अक्षरांत होते आणि मेडिकलमध्ये कोणी काही सांगितले नाही. रोज घरी घ्यायच्या औषधाबरोबर मराठीत चार ओळी आणि चित्रे देणे अवघड नाही, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते. अखेर रुग्णालयातील परिचारिकेने शेजारी बसून दोन दिवस माझ्याकडून करवून घेतले, तेव्हा हात बसला.

खर्च डोळ्यांत भरणारा आहे. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत असल्यामुळे त्याच्या किमतीवर मर्यादा आहे, तरी नऊ महिन्यांची बेरीज मोठी होते. दिवाळीत आमच्या नेहमीच्या दुकानातला साठा संपला आणि यजमानांना चार दुकाने फिरावी लागली, त्यानंतर मी घरात नेहमी दहा दिवसांचा साठा ठेवला. औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागत नाही, पंचवीस अंशांच्या आत राहिले की पुरते. पुण्याच्या एप्रिलमध्ये मात्र त्यासाठी कपाटाचा सर्वांत खालचा, सावलीतला कप्पा शोधावा लागला.

प्रसूतीची तारीख जवळ आल्यावर शेवटच्या सुईची वेळ लिहून ठेवावी. माझ्या मात्रेनंतर कमरेत भुलीचे इंजेक्शन देण्यापूर्वी किमान बारा तास जावे लागतात, त्यामुळे कळा सुरू झाल्यासारखे वाटले तर पुढची सुई न घेता आधी फोन करा, असे डॉक्टरांनी बजावले होते. माझे सिझेरियन ठरवून झाले, आदल्या दिवशीची सुई सकाळीच घेतली होती आणि भूल व्यवस्थित देता आली. मुलगी अडतिसाव्या आठवड्यात झाली. अंगावर पाजत असतानाही इंजेक्शन चालू ठेवता आले.

वापरलेल्या सुया मी जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बरणीत साठवल्या आणि भरलेल्या तीन बरण्या रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात दिल्या. घंटागाडीवर कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंच्या हाताला त्यातली एकही सुई लागू द्यायची नव्हती.