मुलांची प्रार्थना कार्डं: दोन महिने वापरून सांगते

नाताळच्या आधी चर्चच्या बुकस्टॉलवर लहान मुलांच्या प्रार्थना कार्डांचा बॉक्स दिसला, 180 रुपये, घेऊन टाकला. घरी मोठा 9 वर्षांचा आणि धाकटी 6 ची, आणि रात्रीची कुटुंबप्रार्थना म्हणजे थोरल्याने सगळं एका दमात म्हणून आमेन करून पळायचं आणि धाकटीने डोळे मिटले की तिथेच झोपायचं, असं चाललेलं.

30 कार्डं आहेत. जेवणाआधीची, झोपतानाची, आजारी माणसासाठीची, परीक्षेची वगैरे, पण मला खरी आवडली ती प्रभूच्या प्रार्थनेची, एका कार्डावर एकच ओळ. बायबलमधल्या मत्तयच्या 6 व्या अध्यायातली, येशूने शिकवलेली ही प्रार्थना आपण लहानपणापासून घडाघडा म्हणतो, थांबत कुठेच नाही, हातात एकच ओळ असली की थांबावंच लागतं. "आमची ऋणे आम्हांस सोड" आलं त्या दिवशी धाकटीने विचारलं ऋण म्हणजे काय, मी म्हटलं उधारी, अगं कुणी आपलं काही घेऊन परत दिलं नाही तर ते. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग हात जोडून म्हणाली, "देवा, दादाने माझा खोडरबर घेतलाय, तो सोडला." मोठा मान खाली घालून बसलेला. सकाळी खोडरबर तिच्या पाऊचमध्ये होता, आम्ही कोणी काही बोललो नव्हतो.

कार्डाची मागची बाजू कोरी आहे, तिथे मुलांनी स्वतःचं लिहायचं किंवा चित्र काढायचं. ही कल्पना ज्याची कोणाची असेल त्याला धन्यवाद, कारण पाठांतर संपून बोलणं तिथेच सुरू होतं.

आता तक्रारी. प्रभूच्या प्रार्थनेच्या कार्डांवर नंबरच नाहीत, एकदा डबा सांडला की पोरं क्रम लावू शकत नाहीत, मी मार्करने घातले. लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटायला लागलंय. आणि भाषा! "प्रिय स्वर्गीय पिता, या सुंदर दिवसासाठी तुझे धन्यवाद" असं मराठी लेकरू बोलतं का हो? निदान "पित्या" तरी छापा. आमच्या सासूबाई नगरच्या, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं त्यांना तोंडपाठ, त्यांनी ते कार्ड वाचलं आणि बाजूला ठेवून म्हणाल्या, हे राहू दे, तू आपलं सांग पोरी, आज काय काय झालं ते. देवाला आपण आईसारखं अरेतुरे करतो, मग बोलणंही तसंच घरातलं हवं ना.

आणि एक, नुसता बॉक्स आणून मुलांपुढे ठेवला तर काही होणार नाही. लूकच्या 11 व्या अध्यायात शिष्य येशूला म्हणतो आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, ते येशू स्वतः प्रार्थना करून उठल्यावर म्हणतो, आधी बघितलं मग मागितलं. आमच्याकडेही ज्या रात्री आम्ही दोघं मोबाईल बाजूला ठेवून आजीबरोबर चटईवर बसलो त्याच रात्री मुलं बसली, बाकीच्या दिवशी कार्डं कपाटात.

4 वर्षांच्या आतल्या मुलांना जड जातील, 5 ते 10 ला छान. नणंदेच्या मुलांसाठी अजून एक बॉक्स घेतेय, नंबर आधीच घालून देईन.