लाइट आली की टीव्ही जागा! रास्पबेरी पाय ४ वर लिब्रेईलेक, वर्षभराच्या वापरानंतर

धडधाकट टीव्ही टाकून नवा स्मार्ट टीव्ही घ्यायचा नाही, हा माझा हट्ट. म्हणून टीव्हीला जोडलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिब्रेईलेक टाकलं. कोडी, म्हणजे व्हिडिओ-गाणी लावायचं सॉफ्टवेअर, तेवढं चालवण्यापुरतं लिनक्स, बाकी पसारा नाही.

तक्रार एकच, पण डोकं फिरवणारी. सोलापुरात वळवाचा पाऊस आला की लाइट जाणारच. गेली तर गेली. रात्री दोनला परत आली की पाय सुरू, त्यावर कोडी सुरू, आणि कोडी एचडीएमआय-सीईसीवरून, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच एकमेकांना हुकूम द्यायच्या सोयीवरून, टीव्हीलाही उठवतं. हॉल लख्ख! अण्णा हॉलमध्येच झोपतात, त्यामुळं सकाळी चहाआधी माझा उद्धार. आणि हा बिघाड नव्हेच, कोडीचं मूळ सेटिंगच तसं आहे. सिस्टिम, इनपुट, पेरिफेरल्स, मग सीईसी अ‍ॅडॉप्टर. तिथं सुरू होताना टीव्ही चालू करणं आणि सोर्स बदलणं, दोन्ही बंद करायचं. एवढं खोल कुणी पुरून ठेवतं का?

ते बंद केल्यापासून मात्र सीईसीबद्दल माझं मत बदललं. अण्णा टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालवतात, कीबोर्ड कपाटात गेला. टीव्हीच्या मेनूत सीईसी हे नाव शोधत बसू नका. सॅमसंगवर ते अ‍ॅनिनेट प्लस असतं, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक.

मधे ओएसएमसी ही कोडीसाठीचीच दुसरी सिस्टिमही लावून पाहिली. ते डेबियन या पूर्ण लिनक्सवरचं, त्याच डबीवर आणखी चार कामं करायची असतील तर तेच घ्या. मी परत आलो ते लाइटपायीच. लिब्रेईलेकची मूळ सिस्टिम फक्त वाचली जाते, तिच्यावर सतत लिहिणं नाही, त्यामुळं अचानक लाइट गेली तरी ती सहसा शाबूत राहते. सेटिंग्ज आणि लायब्ररी वेगळ्या भागात असतात; त्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्याच.

मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि पाय टीव्हीमागं कोंडलेला. चिप ८० अंशांवर गेली की वेग आपोआप कमी होतो. पंखा धूळ ओढतो म्हणून अ‍ॅल्युमिनियमची केस घेतली, निभावलं.

पाय ४ ला बटण नाही. कोडीतून बंद केला तर चालू करायला प्लग काढून घाला. म्हणून चोवीस तास चालूच ठेवतो. तीनेक वॅट धरले तर महिन्याला दोन युनिट. एच.२६५ या व्हिडिओ साठवायच्या नव्या पद्धतीतलं ४के छान चालतं, जुनं एच.२६४ असेल तर १०८० वर समाधान माना.

ओटीटीची अधिकृत अ‍ॅप्स इथं नाहीत. घर त्यावरच चालत असेल तर सरळ अँड्रॉइड स्टिक घ्या. माझ्याकडं लग्नांचे व्हिडिओ आणि जुन्या गाण्यांची हार्डडिस्क आहे, तिला हे पुरून उरतं.