एक नेट, तीन मजले, पाच कॉम्प्युटर: दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो, ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी. घरात तीन-चारपेक्षा जास्त कॉम्प्युटर असतील आणि भिंती जुन्या असतील तर महागडा राउटर आणि मोठा प्लॅन घ्यायच्या आधी वायर टाका. बाकी खालचं सगळं याच एका गोष्टीचा तपशील आहे.

घर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं. तळमजला जुना, दगडी भिंती हातभर जाड, वरचे दोन मजले नंतर चढवलेले. खाली माझं काम, म्हणजे उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांची कॅड ड्रॉइंगं, त्याचे दोन डेस्कटॉप आणि प्रिंटर. मधल्या मजल्यावर वहिनींचा टॅली-जीएसटीचा लॅपटॉप आणि आबांचा जुना पीसी, ज्याच्यावर ते ई-पेपर वाचतात आणि कुस्त्या बघतात. सगळ्यात वर पुतण्याचं गेमिंग मशीन. मोबाइल आणि टीव्ही वेगळेच. लाइन एकच, १५० एमबीपीएसची फायबर, फायबरचा डबा खाली दारापाशी.

आधी सगळं वायफायवर चालायचं, म्हणजे चालायचं नाही. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतनं वर जातं पण आमच्या बोळात प्रत्येक घराचा वायफाय त्याच तीन चॅनेलवर, १, ६ आणि ११, एकमेकांच्या डोक्यावर बसलेला. ५ गिगाहर्ट्झ फास्ट, पण दगडी भिंत आली की संपला विषय. मध्ये रिपीटर होता, तो स्वस्तातला एकाच रेडिओचा, म्हणजे ज्या रेडिओवर ऐकतो त्याच्यावरच पुढं बोलतो, त्यामुळं वर पोचेपर्यंत स्पीड निम्म्याच्याही खाली. सिग्नलच्या काड्या मात्र फुल्ल!

आता जे आहे ते असं. कंपनीचा डबा ब्रिज मोडला टाकून घेतला, म्हणजे तो राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढं देतो (कस्टमर केअरला फोन करून करून कंटाळा आला, शेवटी लाइनमनदादांनी येऊन दोन मिनिटांत केलं), त्याच्या मागं माझा राउटर, राउटरला पाच पोर्टचा गिगाबिट (हजार एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे एका वायरीवरनं बऱ्याच मशीनना जोडणारा डबा. स्विचमधनं खालचे दोन डेस्कटॉप, प्रिंटर आणि वर जाणारी एक कॅट सिक्सची (नेटवर्कची) वायर. ती मधल्या मजल्यावर दुसऱ्या छोट्या स्विचला, तिथनं वहिनींचा लॅपटॉप, आबांचा पीसी आणि पुढं सगळ्यात वर पुतण्याकडं. वर जुना राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) म्हणून ठेवलाय मोबाइलसाठी. स्विच हजार-बाराशेच्या आसपास बसला, वायर मीटरला पंचवीस-तीस. शंभर मीटरपर्यंत एका तुकड्यात वायर चालते, आमचं घर त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

वायरचं मात्र नीट बघून घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बक्कळ मिळते, स्वस्त पडते, पण कोपऱ्यात वाकवली की आत तुटते. प्युअर कॉपरच मागा, दुकानदार "तेच आहे की" म्हणाला तरी टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत द्या.

वायर टाकणाऱ्या पोरानं काम झटपट केलं, पण वरच्या मजल्यावर स्पीड टेस्ट कायम ९३-९४ वर अडकायची, खाली मात्र १५०. हा आकडा लक्षात ठेवा. ९४ च्या पुढं हलतच नसेल तर नेटचा दोष नाही, लिंक शंभरावर जुळलीय. शंभर एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही लागतात, आणि त्या पोराला चार तारांची सवय, चारच क्रिंप केलेल्या, म्हणजे पिनेत दाबून बसवलेल्या. दोन्ही टोकं परत कापून आठही तारा लावल्या, लगेच १५०. खरा फायदा नेटपेक्षा घरातल्या घरात झाला, खालच्या मशीनवरनं वर मोठी असेंब्ली फाइल कॉपी करताना आधी सेकंदाला ११ एमबी जायची, आता शंभरच्या वर जाते.

वरचा जुना राउटर त्याच पोरानं वान पोर्टला (बाहेरनं येणाऱ्या नेटच्या भोकाला) जोडलेला. त्यानं होतं काय, की तो राउटर मागं आपलं वेगळं नेटवर्क काढतो, नेट येतं सगळीकडं पण वरनं मोबाइलवरनं प्रिंट दिली तर खालचा प्रिंटर सापडतच नाही. उपाय सोपा. जुन्या राउटरचा डीएचसीपी, म्हणजे मशीनना पत्ते वाटायचं काम, बंद करायचा, त्याला १९२.१६८.१.२ असा मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्यायचा आणि वायर वानमधनं काढून लानच्या (घरातल्या नेटवर्कच्या) भोकात घालायची. विषय कट. पत्ता वाटायचं काम घरात एकानंच करायचं, दोघं वाटायला लागले की सगळी गंमत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरंतर हे लिहायला बसलो. वायर टाकूनसुद्धा एक त्रास राहिलाच होता. पुतण्यानं गेम डाउनलोडला लावला, ऐंशी-शंभर जीबीचा असतो एकेक, की वहिनींचं पेज उघडेना, त्यात २० तारीख, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची घाई, वरनं खाली आणि खालनं वर नुसती हाकाटी. प्लॅन वाढवा असं सगळे सांगत होते. पण लाइन ३०० ची केली तरी गेमचा डाउनलोड ३०० खाणारच की. अडचण स्पीडची नाही, रांगेची आहे. लाइन भरली की डब्याच्या पोटात पाकिटांची (डेटाच्या बारक्या तुकड्यांची) लांबलचक रांग लागते आणि वहिनींचं चिमुकलं पाकीट तिच्या शेपटाला, म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी महाद्वार रोडला स्कूटर घातल्यासारखं. याला बफरब्लोट म्हणतात.

राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकटचं सॉफ्टवेअर) चालणारा घेतला तो याच्यासाठी. त्यात रांग सांभाळणारं एसक्यूएम म्हणून पॅकेज आहे, त्यात केक नावाची पद्धत निवडायची आणि डाउनलोड-अपलोड दोन्ही लाइनच्या नव्वद टक्क्यांवर बांधायचे, मी १३५ ठेवलेत. थोडा स्पीड हातानं सोडायचा, मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो प्रत्येक मशीनला सारखा वाटा देतो. त्यात नॅटचा (सगळ्या घराला बाहेर एकच पत्ता वापरायच्या पद्धतीचा) पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर त्याला घरातली सगळी मशीन एकच वाटतात. आधी डाउनलोड चालू असताना पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या पुढं जायचा, आता तीसच्या आत असतो. नाद खुळा! एकच अट, राउटरचा प्रोसेसर बरा पाहिजे. अगदी बारका असेल तर १५० लाच दम टाकतो.

खरी परीक्षा झाली पाटाकडील आणि शिवाजी या कोल्हापूरच्या टीमच्या फुटबॉल मॅचला. आबा यूट्यूबवर लाइव्ह लावून, पुतण्या वर त्याच्या स्क्रीनवर, टीव्हीवर वेगळी, आणि मी खाली ग्राहकाला ड्रॉइंग अपलोड करतोय. कुणाचं गोल-गोल फिरलं नाही. पुतण्याकडं गोल दहा सेकंद आधी दिसतो आणि तो ओरडतो, आबांची मजा जाते, पण त्याला राउटर काय करणार.

तोटे पण आहेत. मोबाइल घेऊन खालनं वर गेलं की फोन खालच्या वायफायला चिकटूनच राहतो, नाव-पासवर्ड दोन्हीकडं एकच ठेवूनसुद्धा. कधी वायफाय बंद-चालू करावा लागतो. मेशवाल्यांकडं, म्हणजे ज्यांचे वायफायचे डबे एकमेकांशी जुळवून चालतात त्यांच्याकडं, हे बरं असतं म्हणतात. दुसरं म्हणजे लाइट. वळवाच्या पावसात लाइट गेली की फायबर जिवंत असते पण डबा मरतो. मिनी यूपीएस घेतला, पण डबा आणि राउटर १२ व्होल्टचे आणि स्विच ५ चा, त्यामुळं ज्याच्यावर दोन्ही आउटपुट आहेत असा बघून घ्यावा लागला. पिन बसते म्हणून घुसवू नका, अ‍ॅडॉप्टरवर छापलेलं वाचा. आणि विजा कडाडायला लागल्या की गच्चीच्या बाहेरनं गेलेल्या तांब्याच्या वायरचं टोक मी सरळ काढून ठेवतो.

शेवटची गोष्ट कॅमेऱ्याची. दारावरचा कॅमेरा बाहेरनं बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरनं आलेली मागणी राउटरनं थेट कॅमेऱ्याकडं पाठवायची सोय) केलं तर चालेना. राउटरच्या स्टेटसमध्ये वानचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला तर वेळ घालवू नका, कंपनीनं तुम्हाला सीजीनॅटच्या मागं ठेवलंय, एकच खरा पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला. आमचं तेच निघालं. स्टॅटिक आयपीला, म्हणजे आपल्या एकट्याच्या कायमच्या पत्त्याला, वेगळे पैसे सांगितले, सध्या कॅमेरा त्याच्या अ‍ॅपवरनंच बघतो.