चोपता-तुंगनाथ अभ्याससहल: झाडं संपतात तिथे थांबणारी संस्था

मी महापालिकेच्या उद्यान खात्यात आहे. दिवसभर पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहरच बघते, म्हणून हिमालयात मला शिखराहून वाटेतली झाडं महत्त्वाची होती. मे महिन्यात या संस्थेबरोबर गेले आणि ती मनसोक्त बघून आले.

निघण्याआधी दादरला एक रविवार बैठक असते. ती चुकवू नका. तिथे कळसूबाईचा फोटो दाखवून विचारतात, माथा बोडका का? आपण म्हणतो, उंचीमुळे. पण 1,646 मीटरवर झाडं सहज वाढतात. तिथे ती नाहीत ती वारा, पातळ माती, वणवे आणि चराईमुळे. थंडीमुळे झाडं जिथे थांबतात ती वृक्षरेषा सह्याद्रीत नाहीच.

ती तुंगनाथच्या वाटेवर, सुमारे 3,300 मीटरवर भेटते. खरसू ओक आणि फर विरळ होतात, मग जांभळट फुलांचा बुटका बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) वाकडातिकडा पसरतो आणि पुढे नुसता बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण. बहुतेक गट इथून न थांबता वर निघून जातात. आमच्या लीडर ताईंनी अख्खी दुपार तिथेच घालवली, आणि या सहलीचे पैसे मला त्या दुपारीच वसूल झाले. वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान साधारण सहा अंशांखाली गेलं की झाडाला नवं लाकूड घडवता येत नाही. झुडपं जमिनीलगतच्या उबेत तगतात. उंच झाडाचा शेंडा मात्र गार वाऱ्यात उघडा पडतो.

मग हवा तापली की रेषा वर चढणारच? ताईंनी आम्हाला फरच्या एका रोपट्याजवळ बसवलं. फरला दरवर्षी फांद्यांचा एक वेढा येतो. गुडघ्याएवढ्या रोपाचे वेढे मोजले तर पंधराएक भरले! एवढ्या काळात त्याला बर्फ, कोरडे उन्हाळे आणि चरणाऱ्या जनावरांची तोंडं चुकवावी लागली. म्हणून तापमान भरभर वाढतं आणि जंगल मागून रखडत येतं. 2009 सालच्या एका आढाव्यात जगभरातल्या 166 ठिकाणांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणीच रेषा वर सरकलेली दिसली; खाली आलेल्या जागा अगदी मोजक्या होत्या. आल्प्समध्ये तर कित्येक कुरणांत गुरं येणं बंद झालं म्हणून झाडं वर चढली. त्याचं सगळं श्रेय उष्म्याला देता येत नाही. झाडांची गणती करणाऱ्या माझ्यासारखीला हे फार मोलाचं वाटलं.

आता तक्रारी. गट फार मोठा होता. अरुंद वाटेवर मागच्यांना ताईंचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. दोन गट करा. तुंगनाथच्या वरच्या चंद्रशिला शिखरावरचा सूर्योदय गाठायला पहाटे अंधारात सगळ्यांना वर पिटाळलं. ज्यांना खालच्या जंगलात पक्षी-झाडं बघायची होती, त्यांना तशी मुभा हवी होती. जेवण साधं आणि गरम, त्याबद्दल काही म्हणणं नाही. हरिद्वारपर्यंतचं तिकीट आपलं आपण काढायचं, तेव्हा आरक्षण लवकर करा.

संस्थेला एक विनंती. दरवर्षी ठरावीक दगडावरून त्याच उताराचा फोटो काढा, रोपट्यांची उंची टिपा आणि जुन्या सहभागींनाही पाठवा. त्यासाठी जास्तीचं शुल्क लावलंत तरी मी आनंदाने भरीन.