जानेवारीचं आकाश की मे महिन्याचं?

पहिल्यांदाच आकाश बघणार असाल तर जानेवारी. रात्री नऊला गच्चीवर गेलात की मृग समोरच. पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्याच रेषेत खाली डावीकडे व्याध, वर उजवीकडे तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. शहरातल्या उजेडातही एवढं दिसतं. कानटोपी मात्र घ्या.

मे महिना जागरण मागतो. मध्यरात्रीनंतर दक्षिणेला वृश्चिक, खरोखर नांगी उगारलेल्या विंचवासारखा, काळजात लालसर ज्येष्ठा. नांगीपाशी आकाशगंगा सर्वांत दाट असते, पण त्यासाठी गावाकडची अमावास्या हवी. रात्री नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूही सापडतो; दिल्लीकरांना तो पुरता दिसतच नाही! माझं मत मे महिन्याला, जूनचे ढग यायच्या आत.